ऐकू येत नाही म्हणजे नाही का? : एका नव्या बास गिटारच्या निमित्ताने

(व्याख्यानमालेतील भाषणाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय मी संयोजकांना फोनवर सांगितला, तेव्हा पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "सर, बासरी म्हणालात का?" मी म्हटलं, "बासरी नाही, बास गिटार. आणि तिच्यासोबत कुमारिल भट्ट." ते सज्जन आहेत, त्यांनी विषय छापला. आता तो पटवून देण्याची जबाबदारी माझी.

माझा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. संगीतातलं मला ऐकणाऱ्याला कळतं तेवढंच कळतं. पण गेल्या वर्षी घरात एक वाद्य आलं आणि त्याच्याबाबतीत मी एक निवाडा दिला. तो चुकला. का चुकला, याचा विचार करताना मला आपल्या दर्शनांतला एक जुना वाद आठवला. तो वाद मी पंचवीस-तीस वर्षं वर्गात शिकवला होता, पण स्वतःवर कधी लावून पाहिला नव्हता. आज तेच सांगणार आहे.

खोकं घरी आलं

आमचा नातू वीस वर्षांचा. हिंगोलीतल्या चार-पाच पोरांचा एक ऑर्केस्ट्रा आहे. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, एक गाणारा, एक गाणारी. लग्नसराईत हळदीचे कार्यक्रम, गणपतीत मंडळांचे. नातू त्यांच्यात वाजवायला नव्हता. तो मंडपवाल्याकडे स्पीकर उचलायला आणि वायरी गुंडाळायला जायचा. एका मित्राच्या गिटारवर थोडंफार शिकला होता. दोन लग्नसराया त्यानं पैसे साठवले आणि घरात कुणाला न विचारता बास गिटार मागवली.

आता अडचण अशी, की त्याच्या वडिलांनी तेच पैसे स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी धरलेले. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. सूनबाई म्हणाल्या, "नावच बास आहे, आता बास करा म्हणावं." परत पाठवायची मुदत सात दिवसांची होती. शेवटी ठरलं की आबांना विचारू, आबा म्हणतील तसं.

मी म्हटलं, वाजवून दाखव. त्यानं वाजवली. मला टकटक असा आवाज आला, बाभळीच्या काडीनं दार वाजवावं तसा. मी म्हटलं, "अरे, हिला आवाज कुठंय?" तो म्हणाला, "आबा, हिला स्पीकर लागतो." मग त्यानं मंडपवाल्याच्या गोदामात जाऊन ती स्पीकरला जोडली, पोरांच्या एका गाण्यासोबत वाजवली, मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. ऑर्केस्ट्राच्या म्होरक्याचं उत्तर आलं, "गिटार दिसते, ऐकू येत नाही. कीबोर्डवाल्याचा डावा हात पुरे आहे." मीही तो व्हिडिओ माझ्या मोबाईलवर पाहिला. खरंच काही कळत नव्हतं.

मी सांगून टाकलं, "परत कर."

पोरगं काही बोललं नाही. खोकं उघडून त्यातला थर्माकोल नीट लावायला बसलं.

त्या रात्री, म्हणजे पाचव्या दिवशी, मी माझ्या पलंगावर पडलो होतो. सागवानी पलंग आहे, वडिलांच्या वेळचा. नातू खाली सतरंजीवर बसून शेवटचं म्हणून वाजवत होता. बसायला नीट जागा नव्हती म्हणून त्यानं गिटारचं टोक पलंगाच्या पायाला टेकवलं. आणि मंडळी, मला स्वर आला. पण कानात नाही, पाठीत आला. पलंगाची फळी घुमायला लागली. मी उठून बसलो. म्हटलं, "काय केलंस?" तो म्हणाला, "काही नाही आबा, तेच वाजवतोय."

तेच वाजत होतं. पाच दिवस तेच वाजत होतं. मी ऐकत होतो ती जागा चुकीची होती.

हे वाद्य आहे तरी काय

इथं जरा वाद्याची ओळख करून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

साध्या गिटारला सहा तारा असतात. बास गिटारला बहुधा चार. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचे जे स्वर, तेच इथं एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. पुढची 55, तिसरी सुमारे 73 आणि चौथी 98 वेळा. तुलनेसाठी आपला तानपुरा घ्या. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला असेल, तर तानपुऱ्याची खर्जाची तार 69 च्या आसपास असते. म्हणजे ज्याला आपण खर्ज म्हणतो, त्याच्याही बऱ्याच खाली या गिटारची शेवटची तार जाते.

तार खाली कशी उतरवायची? नियम जुना आहे, फ्रान्सच्या मेर्सेननं सतराव्या शतकात मांडला. तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक उतरतो. वजन वाढवून तेच साधायचं तर तार चौपट जड करावी लागते. सैल फार करता येत नाही, लोळायला लागते. म्हणून बास गिटारमध्ये लांबी आणि वजन दोन्ही वाढवलेलं असतं. साध्या गिटारच्या तारेची वाजती लांबी साधारण 65 सेंटिमीटर, हिची 86. तिची सर्वांत जाड तार एक मिलिमीटरहून थोडी जास्त, हिची अडीच मिलिमीटरहून जास्त. पण एवढी जाड सळई घातली तर ती तारेसारखी वागणार नाही, ताठर होईल आणि बेसूर बोलेल. म्हणून आत पोलादी तार आणि तिच्यावर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. वजन वाढतं, लवचिकपणा राहतो.

आता आवाज का येत नाही ते पाहू. तानपुऱ्याला भोपळा आहे. तार स्वतः हवेला फारशी हलवू शकत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला हलवते, आतली हवा घुमते आणि मग आपल्याला ऐकू येतं. या गिटारला भोपळा नाही, पोकळी नाही. भरीव लाकडाचा ठोकळा आहे. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असतात. पोलादी तार चुंबकावर हलली की वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. फॅरडेनं 1831 साली दाखवलेलं तत्त्व, आपल्या सायकलच्या डायनामोतलंच. ती वीज वाढवून स्पीकरला दिली की स्पीकर घुमतो. म्हणजे या वाद्याचा भोपळा वाद्यात नाही, बाहेर आहे. वायर काढली की भोपळा काढला.

माझा पलंग त्या रात्री भोपळा झाला होता. एवढंच घडलं होतं.

हे वाद्य जन्माला का आलं तेही ऐकण्यासारखं आहे. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम डबल बास करायचा. माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचं, एका गावाहून दुसऱ्या गावी नेणं जिकिरीचं. शिवाय ढोल आणि तुताऱ्यांपुढं तो ऐकू येत नसे. अमेरिकेत पॉल टटमार्क यानं 1930 च्या दशकात विजेवर चालणारा, आडवा धरून वाजवायचा बास करून पाहिला, पण तो चालला नाही. 1951 साली लिओ फेंडर यानं जे वाद्य आणलं ते जगभर गेलं. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यानं वाद्याचं नाव ठेवलं प्रिसिजन, म्हणजे अचूक. कारण डबल बासला पडदे नसतात, स्वर बोटानं शोधावा लागतो. यानं सतारीसारखे पडदे बसवले. बोट पडद्यामागं ठेवलं की स्वर नेमका.

आपल्याकडे हे वाद्य मुंबईच्या चित्रपटसंगीतातून घरोघर पोचलं, पण नाव घेऊन कुणी ऐकलं नाही. गोव्यातून आलेल्या वादकांचा त्या वाद्यवृंदांत मोठा वाटा होता. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बास गिटार वाजवत. त्यांचा स्वर आपण सगळ्यांनी हजार वेळा ऐकला आहे आणि तो ऐकला हे आपल्याला माहीत नाही. अलीकडे मुंबईची मोहिनी डे हे वाद्य घेऊन जगभर वाजवते, तेव्हा कुठं लोक विचारू लागले की हे काय आहे.

नवं वाद्य पारखायचं कसं

सहाव्या दिवशी मी आणि नातू गोदामात गेलो. त्याला म्हटलं, परत करायची तर कर, पण आधी रीतसर तपासू. मग आम्ही जे केलं ते क्रमानं सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं खोकं येऊ शकतं.

पहिलं, दांडी पाहायची. चारही तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या आसपास असतो. म्हणजे एक अख्खा माणूस त्या दांडीला चोवीस तास लोंबकळत असतो. ती वाकू नये म्हणून आत लोखंडी सळई घातलेली असते आणि षटकोनी चावीनं ती कमीजास्त करता येते. दांडी अगदी सरळही नको, किंचित बाक हवा. नाहीतर तार पडद्यांवर घासून खरखरते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी होते, पावसाळ्यात दमट. लाकूड त्याप्रमाणे हलतं. म्हणून दूरच्या गोदामातून आलेलं वाद्य पहिल्या दिवशी खरखरलं तर लगेच सदोष म्हणू नये. त्याला घरच्या हवेत दोन दिवस राहू द्यावं, मग चावी हातात घ्यावी. तीही थोडी थोडी फिरवावी.

दुसरं, तारा जुळवायच्या. जाड तारेवर पाचव्या पडद्याशी बोट ठेवलं की पुढच्या मोकळ्या तारेचा स्वर यायला हवा. तसंच पुढं. नव्या तारा दोन-तीन दिवस ताणत राहतात, सारख्या उतरतात. तोही दोष नव्हे.

तिसरं, बारावा पडदा. तो तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथं तारेला नुसता स्पर्श करून छेडलं तर वरच्या सप्तकातला स्वर निघतो. तिथंच तार पडद्यावर दाबून छेडली तरी तोच स्वर निघायला हवा. दाबल्यावर स्वर चढा लागला, तर घोडीवरचा त्या तारेचा आधार किंचित मागे सरकवायचा, उतरता लागला तर पुढं. आमच्या गिटारची जाड तार चढी बोलत होती. नातवानं पेचकसानं पाच मिनिटांत जुळवली.

चौथं, प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहायची. कुठं स्वर लवकर मरतो ते बघायचं. बारीक तारेवर पाच ते सातच्या दरम्यान एखादी जागा अशी सापडते, की दांडीच स्वराची शक्ती खाऊन टाकते. हे चांगल्या वाद्यांतही होतं. किती होतं, एवढंच पाहायचं.

पाचवं, वीज. स्पीकरला जोडल्यावर घुंई असा आवाज येतो आणि तारांना हात लावला की तो कमी होतो, हे बहुतेक गिटारींत होतं. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तिथल्या तिथं थांबायचं, प्लग काढायचा आणि अर्थिंग तपासून घ्यायचं. आपल्याकडं मंडपात आणि जुन्या घरात अर्थिंगची काय अवस्था असते ते तुम्हाला मी सांगायला नको. यात धाडस करू नये.

सहावी गोष्ट आम्हाला योगायोगानं कळली. गोदामातली खोली साधारण चार मीटर लांब होती. मी मधोमध खुर्ची टाकून बसलो होतो. जाड तार वाजली की मला अगदी पुसट यायचं. मी कंटाळून उठलो, भिंतीला टेकलो आणि तोच स्वर एकदम अंगावर आला. परत मधे आलो, गेला. 41 कंपनांच्या स्वराची एक लाट आठ मीटरहून लांब असते. चार मीटरच्या खोलीत ती लाट भिंतींवर आपटून अशी बसते, की भिंतीपाशी जोर आणि मधोमध जवळजवळ शून्य. म्हणजे एकाच खोलीत, एकाच वेळी, "आहे" म्हणणारा माणूस आणि "नाही" म्हणणारा माणूस, दोघंही प्रामाणिक.

कुमारिल भट्टांकडे

आता मला सांगा, "नाही" हे आपल्याला कसं कळतं?

टेबलावर तांब्या नाही. हे मला डोळ्यांनी दिसलं का? डोळ्यांना टेबल दिसतं. "तांब्याचं नसणं" ही काही रंगरूप असलेली वस्तू नाही. मग ते कळतं कशानं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानंच कळतं. वैशेषिकांच्या परंपरेत पुढं अभाव हा सातवा पदार्थच मानला गेला. प्रभाकर मीमांसक म्हणतात, अभाव असा वेगळा काही नसतोच, नुसतं रिकामं टेबल कळतं. सातव्या शतकातले कुमारिल भट्ट म्हणतात, अभाव आहे, आणि तो कळायला स्वतंत्र साधन आहे, अनुपलब्धी. म्हणजे न आढळणं. पुढं अद्वैत वेदान्त्यांनीही हे सहावं प्रमाण स्वीकारलं.

पण या चर्चेत एक अट आहे आणि सगळी मेख त्या अटीत आहे. नुसतं न आढळणं पुरत नाही. ते योग्य असलं पाहिजे. योग्य म्हणजे काय? वस्तू तिथं असती तर मला आढळलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत तांब्या दिसला नाही, यावरून तांब्या नाही असं म्हणता येत नाही. उजेड असता तर दिसला असता, आणि उजेडातही दिसला नाही, तर मग "नाही" म्हणायचा अधिकार आला. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

हे मी पोरांना परीक्षेत लिहायला लावलं. आणि स्वतः काय केलं? स्पीकरशिवाय ऐकलं आणि म्हटलं, आवाज नाही. मोबाईलवर ऐकलं आणि म्हटलं, ऐकू येत नाही.

मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. 41 कंपनांचा स्वर तो जवळजवळ सोडतच नाही. पण इथं कानाची एक गंमत आहे. कुठलीही तार एकच स्वर देत नाही. 41 सोबत त्याची दुप्पट 82, तिप्पट 123, चौपट, पाचपट असे वरचे स्वरही निघतात. मोबाईल खालचे गाळतो आणि वरचे सोडतो. त्या वरच्या स्वरांतलं अंतर प्रत्येक वेळी 41 चंच असतं, आणि त्या अंतरावरून कान नसलेला मूळ स्वर उभा करतो. झेबेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1840 च्या दशकात हे दाखवलं, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. धुरावरून अग्नी, तसं हे कानाचं अनुमानच म्हणा. मात्र त्याला धूर तरी दिसायला हवा. त्या व्हिडिओत ढोलकी आणि कीबोर्ड इतके पुढं होते, की हे वरचे स्वर त्यांच्याखाली दबले. धूरही गेला. मग म्होरक्याला काय ऐकू येणार? त्याची अनुपलब्धी खरी होती, योग्य नव्हती. आणि माझीही.

त्यात आणखी एक. मी सत्तरी ओलांडलेली. या वयात कान आधी वरचे स्वर गमावतात. नातवंडं "स" म्हणाली की "श" म्हणाली हे मला कळत नाही. खालचे स्वर शाबूत आहेत. म्हणजे त्या घरात हे वाद्य ऐकायला सर्वांत पात्र माणूस मीच होतो, आणि ते नाही असं मीच सांगितलं.

तालमीत काय झालं

सातव्या दिवशी सकाळी नातवानं म्होरक्याला विनंती केली, की मोबाईलवर नको, एकदा तालमीत वाजवू द्या. मी सोबत गेलो. मी एक युक्ती सुचवली. म्हटलं, तू कुणाला न सांगता हळूच सुरू कर आणि मी मान हलवली की गाण्याच्या मधेच थांब.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला त्यानं धरलं. कुणाचं लक्ष गेलं नाही. खरं सांगतो, माझंही जाणवेल न जाणवेल इतकंच. गाणारी मुलगी जरा मोकळी गायला लागली, पण ते मी मनात आणलं असेल. चौथ्या कडव्यात मी मान हलवली. तो थांबला.

ढोलकीवाल्यानं वाजवता वाजवता मान वर केली आणि विचारलं, "काय झालं रे? लाईट गेली का?"

आपल्याकडे अभावाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक प्रागभाव, म्हणजे वस्तू निर्माण होण्याआधीचं तिचं नसणं. त्याला सुरुवात नसते, म्हणून तो खटकतही नाही. त्या पोरांनी बासशिवायच सगळे हंगाम काढले होते, त्यांना काही कमी आहे असं वाटत नव्हतं. दुसरा प्रध्वंसाभाव, म्हणजे असलेली वस्तू गेल्यानंतरचं नसणं. हा खटकतो. आलेला बास कुणाला कळला नाही, गेलेला सगळ्यांना कळला. वर्गात या दोन अभावांतला फरक सांगायला मी नेहमी घट वापरायचो, न घडलेला आणि फुटलेला. आता मी ढोलकीवाला वापरतो.

म्होरक्या म्हणाला, "ठेव. पण गणपतीपर्यंत पैसे देणार नाही." मुदत त्या संध्याकाळी संपली आणि खोकं माळ्यावर गेलं. क्लासची फी नातू अजून हप्त्यानं भरतो आहे आणि त्याचे वडील अजून त्या गिटारकडे सरळ पाहत नाहीत. मी त्यांना चूक म्हणत नाही. फी ही खरी गोष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच, की निकाल द्यायचा तो वाद्य ऐकून द्यायला हवा होता, आणि मी ते न ऐकताच दिला होता.

शेवटी आपल्याच जिल्ह्यातलं एक सांगतो आणि थांबतो. कयाधूच्या काठी नरसी आहे, नामदेव महाराजांचं गाव मानलं जातं. आपल्याकडे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. रात्री दोन वाजता, मंडपात चार माणसं डुलक्या घेत असताना, एक जण वीणा गळ्यात घालून उभा असतो. दुसरा आला की दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. कीर्तन रंगलं, वीस-पंचवीस टाळकरी आणि पखवाज सुरू झाला, की ती वीणा कुणाला ऐकू येते? मागच्या रांगेत बसून मला तरी कधी आली नाही. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, की ऐकू येत नाही तर तो माणूस कशाला उभा आहे? वडील म्हणाले, "तू लांब बसलास. त्याच्याजवळ जाऊन उभा राहा."

मी तेव्हा गेलो नाही. यंदाच्या सप्ताहात गेलो. जवळ उभा राहिलो, आणि येते, मंडळी. ऐकू येते.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, मुलाला वाद्य घ्यायचं असेल तर नवं घ्यावं की जुनं?*

दोन्ही चालेल, पण एकटं वाद्य घेऊ नका. या गिटारसाठी स्पीकरचा, निदान हेडफोनचा खर्च आधीच धरा. तो धरला नाही तर मुलगा घरात टकटक वाजवेल आणि तुम्ही माझ्यासारखा निवाडा द्याल. आणि साध्या गिटारच्या छोट्या स्पीकरला बास जोडून फार मोठ्यानं वाजवू नका. खालच्या स्वराला स्पीकरचा कागद खूप पुढंमागं हलावा लागतो, तो फाटतो. तंबोरा घेणार असाल तर मिरजेला जाऊन, बसून, ऐकून घ्या. तिथले कारागीर जवारी तुमच्या समोर लावून देतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा कुठं बसला की स्वर उघडतो, हे एकदा डोळ्यांनी पाहा. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही त्या घोडीनं कोड्यात टाकलं होतं. नियमाप्रमाणे जे वरचे स्वर निघायला नकोत तेही तिच्यावर निघतात, हे त्यांनी 1921 साली लिहून ठेवलं.

*प्रश्न : पण सर, योग्य परिस्थिती कधीच पूर्ण मिळत नाही. मग "नाही" म्हणायचंच नाही का?*

चांगला प्रश्न आहे. म्हणायचं, नक्की म्हणायचं. नाहीतर माणूस कुठलाच निर्णय घेणार नाही. उजेडात, टेबलाजवळ उभं राहून, डोळे उघडे ठेवून तांब्या दिसला नाही, तर तांब्या नाही. त्यापुढं शंका काढत बसणं हे आळशी माणसाचं काम. फक्त "नाही" म्हणण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा, असतं तर मला इथून, या साधनानं कळलं असतं का? उत्तर "हो" असेल तर खुशाल निकाल द्या. "नाही" असेल तर उठून भिंतीपाशी जा.